मी येतो





आज दुपारी जेवणे आटोपल्यावर संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढून वाचा, अशी विनंती आहे. मोबाइलवरच्या बायबलमध्ये काढलात तरी आमची हरकत नाही. अध्यायाच्या आरंभी तीन आजारी माणसे एकापाठोपाठ येतात. पहिला कुष्ठरोगी. नियमशास्त्राप्रमाणे त्याला शिवायचे नाही; तरी प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. तिसरी पेत्राची सासू, तापाने पडलेली. प्रभू तिच्या हाताला स्पर्श करतो आणि ती उठून पाहुण्यांच्या सेवेला लागते. या दोघांच्या मध्ये आहे शताधिपतीचा चाकर. त्याला प्रभू डोळ्यांनी पाहतही नाही. चाकर कफर्णहूमातल्या घरात अंथरुणाला खिळलेला, धनी प्रभूजवळ विनवणी करतो आहे, आणि प्रभू इकडे शब्द उच्चारतो त्याच घटकेला तिकडे चाकर बरा होतो.

म्हणजे, दुरून पोचवलेले ते खोटे आणि जवळून दिलेले तेवढेच खरे, असे म्हणायची सोय शुभवर्तमानाने आपल्याला ठेवलेली नाही. मोबाइल आणि इंटरनेट या विषयावर बोलायला उभे राहिलो की आम्हा धर्मगुरूंना एक सोपी वाट दिसते. सगळा दोष यंत्रावर टाकायचा, तरुणांना चार शब्द ऐकवायचे आणि खाली बसायचे. त्या वाटेने आज जायचे नाही.

या यंत्राने आपल्याला काय दिले ते आधी मान्य करू. आपल्या धर्मग्रामात असे घर विरळाच, ज्यातले कोणी आखातात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नाही. पूर्वी पत्राला पंधरा दिवस लागत. दारात तारवाला उभा राहिला की तार फोडण्याआधीच बायका रडू लागत, कारण तार म्हणजे बहुधा मयताची बातमी. ती तारसेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये बंद झाली. देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. एवढ्या थोड्या वर्षांत असे झाले की ज्या माउलीला अक्षर वाचता येत नाही तीसुद्धा टोरांटोत जन्मलेली नात त्याच दिवशी पाहते, तिला आपल्या बोलीत हाक मारते आणि पडद्याकडे बोट करून क्रूसाची खूण करते. त्या माउलीसमोर जाऊन यंत्राची निंदा करण्याचे धाडस आमच्यात नाही.

आता तो उतारा पुन्हा वाचा. शताधिपतीने चाकराचे दुखणे सांगताच प्रभूने प्रथम काय म्हटले? आपण स्वतः येऊन त्याला बरे करू, असे म्हटले. दुरून बरे करण्याची गोष्ट नंतरची. आपल्या छपराखाली प्रभूने यावे एवढी आपली पात्रता नाही, शब्द पुरे आहे, असे शताधिपतीने स्वतः विनवले. प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी आपण म्हणतो ती प्रार्थना त्याच्याच तोंडची आहे. प्रभूचा शब्द दूरवर गेला खरा, पण तो निघण्यासाठी पाऊल उचललेल्याचा शब्द होता.

आम्हाला वाटते, आपल्या हातातल्या यंत्राला लावायची कसोटी हीच आहे. मी पाठवलेला संदेश ‘मी येतो’ याच्या पाठोपाठ गेला आहे, की येणे टाळता यावे म्हणून गेला आहे?

गावात कोणाचे निधन झाले की पूर्वी घंटा व्हायची आणि दोन माणसे घरोघर वर्दी द्यायला निघायची. आज पाच मिनिटांत बातमी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. चांगलेच आहे, कामावर गेलेल्यालाही अंत्यविधीची वेळ कळते. मग त्याखाली ओळी सुरू होतात. आर.आय.पी., आर.आय.पी., जोडलेले हात, पुन्हा आर.आय.पी. संध्याकाळपर्यंत ऐंशी-नव्वद. ती तीन अक्षरे म्हणजे खरोखरीची प्रार्थना आहे, मृताला शांती लाभो अशी. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. पण तिसऱ्या दिवशी त्या घरी रोझरीला गेलो की मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. ज्यांनी अंगठ्याने हात जोडले त्यांतले बरेच जण चार घरे सोडून राहतात. ते वाईट नाहीत. त्यांना मनापासून वाटते की आपण भेटून आलो. आम्हाला भीती वाटते ती या वाटण्याची. देणे फिटले असे वाटले की माणूस देणे विसरतो, आणि त्या घरातली विधवा मात्र दाराकडे बघत बसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल वाचावाच लागतो. पंचेंद्रियांचा विचार करताना तो म्हणतो की स्पर्श हा सर्वांचा पाया. तो नसेल तर इतर कुठलेच इंद्रिय प्राण्याला असू शकत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही तेच उचलून धरले. त्या वयात ते रुक्ष वाटले होते. आज प्रत्येकाच्या खिशात ‘टच’ करायचा पडदा आहे. दिवसातून शेकडो वेळा आपण त्याला बोट लावतो. लेकीचा फोटो असो की साबणाची जाहिरात, बोटाला लागते ती तीच गुळगुळीत काच. आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवणाऱ्यालाच कळते की ताप किती आहे आणि भीती किती आहे.

प्रेषितांनाही त्यांच्या काळातली साधने होती. संत योहानच्या नावाने असलेली दुसरे व तिसरे ही पत्रे नव्या करारातली सर्वांत छोटी. दोन्ही आटोपती का घेतली, याचे कारण लेखक शेवटी देतो. लिहायचे पुष्कळ आहे, पण ते कागद-शाईने लिहायला नको. भेटीला येऊ, समोरासमोर बोलू, म्हणजे आनंद पूर्ण होईल. कागद आणि शाई त्याने टाकून दिली नाही, नाही तर पत्र आपल्यापर्यंत पोचलेच नसते. पण उरलेले त्याने भेटीसाठी राखून ठेवले. आपण मात्र सगळेच लिहून, रेकॉर्ड करून, फॉरवर्ड करून संपवतो आणि भेटल्यावर बोलायला काही उरत नाही.

एक गोष्ट ज्येष्ठांसाठी व त्यांच्या मुलांसाठी मुद्दाम लिहितो. ‘डिजिटल अटक’ हा शब्द आता आपल्या गावातही ऐकू येऊ लागला आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार कार्डावर गुन्हा नोंदला आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, सांगू त्या खात्यात पैसे भरा. कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरील भाषणात हे देशाला सांगितले. तरी लोक फसतात, शिकलेले, बँकेतून निवृत्त झालेलेसुद्धा. या ठगांचे सर्वांत मोठे हत्यार कोणते, याचा आम्ही विचार केला. गणवेश नव्हे. त्यांचे एक वाक्य असते: कोणालाही सांगू नका, दार लावून घ्या. माणूस एकटा पडला की त्याला कशालाही कबूल करता येते. सैतानाचीही पद्धत हीच. हव्वेला त्याने बोलण्यात गुंतवले ते तिने कोणाला विचारण्याआधीच.

आपल्याकडील एक आजी अशा कॉलवर दोन तास बसून होत्या. पासबुक मांडीवर, हात थरथरत होते. तेवढ्यात शेजारीण कालवणाची वाटी परत द्यायला मागच्या दाराने आत आली आणि मोठ्याने विचारले, “मावशी, कोणाशी बोलता?” कॉल तिथेच तुटला. हजार रुपयेही गेले नाहीत. असे काही झाले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, हे लिहून भिंतीवर लावा. पण वाट्या परत करण्याची ती पद्धतही बंद पडू देऊ नका.

मिस्साच्या थेट प्रक्षेपणाविषयी अनेकांनी विचारले आहे. मार्च २०२० मध्ये मंदिरांची दारे बंद झाली तेव्हा ते सुरू झाले, आणि त्या दिवसांत त्याने आपल्याला तारले. त्याच काळात, १७ एप्रिल रोजी, पोप फ्रान्सिस यांनी उपदेशात बजावले होते की ही बोगद्यातली अवस्था आहे. बोगद्यातून बाहेर पडायचे असते, तिथे मुक्काम करायचा नसतो. त्याच्या फार आधी, २००२ मध्ये, व्हॅटिकनने इंटरनेटविषयीच्या पत्रकात इंटरनेटचे स्वागत करूनही स्पष्ट लिहिले होते की तिथे संस्कार नाहीत. म्हणून आपले प्रक्षेपण चालू राहील ते अंथरुणावर असलेल्यांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी ते पाहून रविवार साजरा झाला असे समजू नये. दानपेटीजवळ क्यूआर कोड लावावा का, असाही प्रश्न आला. लावू. पैसे पोचवण्याचे काम ते यंत्र चोख करते आणि सुट्ट्यांची कटकटही वाचते.

आता तर बोलणारी यंत्रेही आली. पोप लिओ चौदावे यांनी १० मे २०२५ रोजी, निवड होऊन दोनच दिवस झाले असताना, कार्डिनलांना आपल्या नावाचे कारण सांगितले. तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात कारखान्यांच्या युगातील कामगारांचा प्रश्न घेतला होता; आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांचा प्रश्न पुन्हा उभा आहे. आमच्याकडे येणारी काही मुले सांगतात की रात्री झोप येत नाही तेव्हा ती मनातले सगळे त्या यंत्राला लिहितात. ते रागावत नाही, कंटाळत नाही, उत्तरही गोड देते. मुलांना आम्ही दटावले नाही. रात्री एक वाजता त्यांना दुसरे कोण जागे सापडले असते? पण यंत्र कितीही शहाणे झाले तरी चप्पल घालून त्यांच्या दारात येणार नाही. आईवडिलांनी एवढे तरी पाहावे की बाजूच्या खोलीतून आपण जाऊ शकतो.

येत्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सात वाजल्यापासून आजाऱ्यांना घरोघर ख्रिस्तशरीर नेले जाईल. यादीत सध्या एकतीस नावे आहेत. त्यांपैकी नऊ जण घरात एकटे असतात. धर्मगुरू व सिस्टर प्रत्येक घरी दहा मिनिटांपेक्षा अधिक थांबू शकत नाहीत. मागे अर्धा तास बसणारी माणसे हवी आहेत. तरुण मंडळाने व महिला मंडळाने आपली नावे बुधवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. येताना मोबाइल चार्ज करून आणावा. पलीकडच्या पाड्यातल्या आजोबांना दुबईच्या मुलाशी बोलायचे आहे आणि त्यांना तो कॉल लावता येत नाही.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू