मौनाचा नफा

इंदूरच्या दवा बाजारात हिंदीतली ‘दवा’ आणि मराठीतले ‘औषध’ एकाच काउंटरवर मागितले जाते. एकच औषध निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या किमतींना मिळते, हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. काउंटरमागच्या फार्मासिस्टला ते ठाऊक असते. कोणी विचारले नसताना ते सांगणे हे त्याचे कर्तव्य, की केवळ औदार्य?

फरक किती असू शकतो, हे एका उदाहरणावरून दिसेल. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत असे. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध ८,८८० रुपयांत मिळण्याची वाट मोकळी झाली. निवाडा कागदावर होतो. तो रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचायला मात्र सांगणारा माणूस लागतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला व्यवहाराचा. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. टक्केवारी आली की महागड्या औषधावर कमाई अधिक. स्वस्ताची वाट दाखवणारा स्वतःच्या गल्ल्याला कात्री लावतो. दुसरा आक्षेप कायद्याचा. औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरील औषधाऐवजी विक्रेत्याला परस्पर दुसरे देता येत नाही.

दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण बदलणे वेगळे आणि सांगणे वेगळे. “डॉक्टरांना विचारून या, याच घटकाचे स्वस्त औषध मिळते,” एवढे बोलायला कायद्याची आडकाठी नाही. उलट २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाशी बोलणे हे फार्मासिस्टचे कामच ठरवले आहे. जनऔषधी योजना २००८ पासून आहे. तिचे दुकान कुठे, हे सांगायला पैसे पडत नाहीत. पैसे नाहीत म्हणून कोणी पाच दिवसांच्या औषधातले दोनच दिवसांचे मागतो, तेव्हा गप्प राहणारा त्याच्या अर्धवट उपचारात भागीदार होतो.

माझ्या पेशातला दाखला देतो. शिष्यवृत्ती आहे हे माहीत असून पालकांना न सांगणाऱ्या मुख्याध्यापकाने कोणाचे काही चोरलेले नसते, तरी त्या मुलाचे गेले ते गेलेच. तो मुख्याध्यापक निदान त्या मौनातून काही कमावत नाही. जिथे आपल्या गप्प बसण्याने दुसऱ्याचे नुकसान आणि आपला फायदा होतो, तिथे मौन तटस्थ राहत नाही. म्हणून मी याला औदार्य म्हणणार नाही. हे जाणणाऱ्याचे ऋण आहे.

मात्र हे ऋण एकट्या फार्मासिस्टने आपल्या पोटाला चिमटा घेऊन फेडावे, असे म्हणणाऱ्या समाजाचाही हिशेब तपासावा लागेल. डॉक्टरांच्या सल्ल्याला आपण शुल्क देतो. फार्मासिस्टच्या सल्ल्याला मोल नाही, मोल फक्त डबीला. सचोटी ज्याला रोज तोट्यात घालते, त्याच्याकडून ती आयुष्यभर मागायची, तर तिचा थोडा भार आपणही उचलला पाहिजे.