जागा सांगावी का?

सहल ठरली की पहिला प्रश्न निघतो तो डब्यांचा. पुऱ्या कोण आणणार, चटणी कोणाकडे, मग गाडी किती जणांची, पहाटे जमायचे कुठे, जळवांवर तंबाखू बरी की मीठ. असल्या बैठकींत सहलीचा निम्मा आनंद असतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. परंतु जी सहल नुसते डोंगर पाहण्यासाठी नसून रानात काही शोधण्यासाठी निघते, तिच्या बाबतीत आणखी एक प्रश्न या सर्वांच्या आधीचा आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. रान कोणाच्या मालकीचे, हा तो प्रश्न नव्हे; त्याचे उत्तर वनखात्याच्या नकाशात मिळते. प्रश्न असा, की रानातली एखादी जागा ज्याला ठाऊक आहे, त्याने ती किती जणांना सांगावी?

आमचे पंधरा-वीस जणांचे एक मंडळ दर पावसाळ्यात सह्याद्रीत अळंबी शोधायला जाते. ही कल्पना मूळची इंग्रजांची. हेरफर्डच्या वूलहोप क्लबातील मंडळींनी १८६८ च्या शरदात प्रथम अशी शोधयात्रा काढली. दिवसभर रानात हिंडावे, गोळा केलेली छत्रे टेबलावर मांडून त्यांची नावे निश्चित करावी आणि संध्याकाळी त्यांतलीच काही ताटात वाढून घ्यावी, असा त्यांचा क्रम. शास्त्र आणि जेवण यांची इतकी सुखाची सांगड दुसरीकडे क्वचितच पडली असेल.

अशी यात्रा जथ्यानेच का करावी, याला भक्कम कारण आहे. अळंबीची ओळख पुस्तकावरून पटत नाही. ती एका हाताने दुसऱ्या हातात द्यावी लागते: हे उलटून बघ, देठ मोडून बघ, वास घे, उद्या परत बघ. आपल्याकडे न खाण्याजोग्या सगळ्यांना ‘कुत्र्याची छत्री’ असे एकच नाव देऊन आपण मोकळे होतो. पण त्या छत्र्यांचे शेकडो प्रकार आहेत आणि काही निव्वळ विष आहेत. युरोपात फिकट हिरवट टोपीची एक जात आहे, तिचे इंग्रजी नावच ‘डेथ कॅप’. शिजवल्याने तिचे विष जात नाही. रात्री खाल्ली तर सकाळपर्यंत माणसाला काही होत नाही. मग उलट्याजुलाब सुरू होतात, ते थांबून दिवसभर बरेही वाटते आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होऊ लागलेले असते. निकोलस इव्हान्स हे प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार २००८ साली स्कॉटलंडमध्ये आप्तांसह सुट्टीवर असताना असेच फसले. ती अळंबी दुसऱ्या जातीची, मूत्रपिंडावर घाला घालणारी होती. पुढे २०११ मध्ये त्यांच्या मुलीने आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. प्रत्येक मंडळात सर्वज्ञ गृहस्थ एक तरी असतोच. इतर सहलींत तो केवळ कंटाळवाणा असतो. अळंबीच्या सहलीत तो धोक्याचा असतो.

म्हणून ओळख जितकी वाटावी तितकी चांगली. विद्या दिल्याने वाढते हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते इथे अक्षरशः खरे आहे. चार डोळे तयार झाले म्हणजे माझे दोन कमी होत नाहीत. उलट माझी चूक पकडणारे दोन वाढतात.

पण जागेचे तसे नाही. जागा दिल्याने सरते.

कोकणात आषाढ-श्रावणात रस्त्याच्या कडेला बायका पानात बांधलेली अळंबी घेऊन बसतात. अशा एका मावशींना आमच्यातल्या एकाने विचारले, “मावशी, कुठं मिळाली ही?” त्या म्हणाल्या, “रानात.” त्याने पुन्हा विचारले, “पण रानात कुठं?” “पाऊस पडतो तिथं.” एवढे बोलून त्या सुटे पैसे मोजू लागल्या. आमच्या सोबत्याला हा आडमुठेपणा वाटला. मला त्यात मोठे तारतम्य दिसले.

ही अळंबी वारुळावरची. वाळवी लाकूडपाचोळा खाऊन वारुळात गादीसारखा थर रचते, त्यावर एक बुरशी पोसते आणि तिच्यावर जगते. त्या बुरशीला पावसात फुटलेले कोंब म्हणजे आपली अळंबी. माणसाला तिची शेती अद्याप साधलेली नाही. वारूळ जिवंत असेतो ती वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी उगवते. म्हणून जागा कळली की सर्व कळले.

यावर कोणी म्हणेल, खुडल्याने बिघडते काय? स्वित्झर्लंडमधल्या एका रानात १९७५ पासून जवळजवळ तीस वर्षे याचाच प्रयोग चालला होता. २००६ साली निष्कर्ष छापून आला, तो मोठा मार्मिक आहे. छत्रे खुडल्याने पुढच्या वर्षांचे पीक घटले नाही. तुडवल्याने मात्र वर येणारी छत्रे कमी झाली. म्हणजे हातांनी केले नाही ते पायांनी केले. सहलीचा बेत आखणाऱ्याने हे ध्यानात धरावे: टोपली एक असो की दहा, पाय वीस जणांचे चाळीसच. शिवाय आपल्या अळंबीला तो दिलासाही जसाच्या तसा लागू करता येत नाही. तिच्या बहुतेक जातींत नव्या वारुळातली वाळवी ही बुरशी आईबापांकडून आणत नाही. उमललेल्या छत्रांतून बाहेर पडलेले बीजाणू वेचून आपली बाग नव्याने लावते. आणि बाजारात तर न उमललेल्या कळ्यांनाच भाव अधिक! सगळ्याच कळ्या ताटात आल्या तर नव्या वारुळांनी बियाणे कोठून आणावे?

तरीही मावशींच्या बाजूने निकाल देताना मन कचरते. लपवाछपवीने आपल्या समाजाचे थोडे नुकसान केलेले नाही. कितीतरी वैद्यांच्या मुळ्या त्यांच्याबरोबर चितेवर गेल्या. आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वाढणाऱ्या पोराचा रानावर काहीच हक्क नाही, असे म्हणवत नाही. त्याला रान दाखवलेच नाही तर उद्या ते राखील कोण? पण उघडेपणाचेही भोग आपण पाहिले आहेत. कास पठाराची कीर्ती झाली आणि फुलांच्या हंगामात रोज किती माणसे सोडावी याची मर्यादा घालावी लागली.

मला वाटते, जागा आपल्याला कशी कळली, यावर पुष्कळ अवलंबून आहे. बहुधा ती आपण शोधलेलीच नसते. कोणी गुराखी, कोणी कातकरी बाई विश्वासाने दाखवते. ती जागा आपल्यापाशी ठेव असते आणि ठेवीतून दानधर्म करून उदार म्हणवून घेणे आपल्याकडे कधीच प्रशस्त मानले गेलेले नाही. वनहक्क कायद्याने २००६ साली वनवासी कुटुंबांचा गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे विनापरवाना काही उचलताच येत नाही. पण कायदा नसता तरी, जिची पावसाळ्यातली चार पैशांची मिळकत त्या वारुळावर आहे, तिला न विचारता आपण तिथे गाडीभर माणसे कशी न्यावी?

म्हणून आमच्या मंडळात आता बेत आखण्याची रीत बदलली आहे. गावात आधी एक माणूस जातो आणि किती जणांनी यावे, कोणत्या वाटेने जावे हे तिथल्या वाटाड्याला विचारतो. गेल्या वर्षी त्याने “दहा” म्हटले, तेव्हा नऊ जणांना घरी राहावे लागले आणि अजून दोघे माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. टोपली एकच, तीही नमुन्यांपुरती. खायची अळंबी बाजारातून विकत घ्यायची. छायाचित्रे हवी तितकी काढावीत, पण फोन चित्राबरोबर जागेचीही नोंद करतो, ती सोय गाडीतच बंद करायची. हे शेवटचे कलम तरुणांना समजावण्यात माझा सर्वांत अधिक वेळ गेला.

मावशींकडून मी अजूनही अळंबी घेतो. यंदा त्यांच्याशेजारी त्यांची सून बसली होती. मुलगा मुंबईला असतो, त्याला यात गोडी नाही, असे त्या म्हणाल्या. “हिला दाखवता का जागा?” मी विचारले. त्यांनी सुनेकडे एकवार पाहिले आणि पानाची गाठ मारता मारता म्हणाल्या, “दोन दाखवल्यात. बाकीच्या बघू पुढच्या पावसात.”