झोळीविना पाहुणा

कोलकात्याजवळच्या डमडमचे नाव जगाला प्रथम कळले ते एका क्रूर वस्तूमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दारूगोळ्याच्या कारखान्यात बंदुकीची एक गोळी तयार झाली. शरीरात शिरताच ती पसरे आणि जखम भयंकर करी. १८९९ साली हेग येथील परिषदेने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. परंतु गावाचे नाव त्या गोळीला चिकटले ते कायमचेच. आज त्याच डमडमहून माणसे शांततेच्या शोधात विमानात बसतात. ११ फेब्रुवारी १९८३ रोजी भूतानच्या विमान कंपनीचे पहिले विमान पारोहून येथेच आले होते. विमानतळाला १९९५ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून डमडमच आहे.

एका पहाटे मी त्या विमानतळावर बसलो होतो. शेजारच्या तरुणाच्या पायाशी त्याच्या खांद्याइतक्या उंचीची सॅक होती. मराठी ऐकून आम्ही बोलू लागलो. तो भूतानला निघाला होता. त्याआधी लाओस आणि म्यानमार पाहून आला होता. "बौद्ध देशांत मन निवतं हो, काका," तो म्हणाला. "आपल्याकडे जीव गुदमरतो." मी सहज विचारले, "तुमच्या गावात बौद्ध वस्ती असेल ना?" तो हसला. "आहे की, आमच्या मागच्याच गल्लीत. पण तिकडे कधी जाणं झालं नाही."

त्याच्या उत्तराने मी चपापलो; कारण माझ्या इमारतीत, माझ्याच खालच्या मजल्यावर एक बौद्ध कुटुंब अकरा वर्षे राहत होते आणि मीही त्यांच्या उंबरठ्याच्या आत कधी पाऊल टाकले नव्हते.

परक्याच्या घरची शांतता अनुभवायला जाणारा माणूस त्या घरचा पाहुणा असतो की केवळ गिऱ्हाईक? भूतानने या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर शोधले आहे. येणाऱ्या परदेशी प्रवाशाकडून तो देश रोजचा कर घेतो. २०२० पासून भारतीयांनाही दिवसाला बाराशे रुपये द्यावे लागतात. देशाची किमान साठ टक्के भूमी सदैव वनाखाली राहील असे वचन २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत आहे. गर्दी नको, अरण्य हवे, हा त्यांचा निश्चय आहे. यात गैर काही नाही. तो तरुणही कोणाचे वाईट करावयास निघाला नव्हता आणि त्याच्या पैशाने तेथील शाळा-दवाखान्यांना हातभारच लागणार होता.

परंतु दाम मोजून घेतलेल्या शांततेत एक धोका आहे. आपण तिचा दर्शनी भाग पाहतो आणि मागे कोण रडले हे विचारीत नाही. १९९० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण भूतानमधील सुमारे एक लाख नेपाळीभाषक लोकांना देश सोडावा लागला. नेपाळमधील छावण्यांत त्यांची मुले जन्मली आणि वाढली. पुढे बहुतेकांना अमेरिका व इतर दूरच्या देशांनी आसरा दिला. हे मी त्या देशाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आपल्या देशातील वस्त्याही कमी वेळा उठविल्या गेल्या नाहीत. सांगायचे एवढेच की, ज्या देशाला आपण 'शांत' म्हणतो तेथेही आपल्यासारखीच चुकणारी, सोसणारी माणसे राहतात. पाहुण्याला ती माणसे दिसतात. गिऱ्हाइकाला डोंगर दिसतात.

आता दोन जुन्या वाटसरूंची आठवण करू. १६२७ साली एस्तेवाँव कासेला आणि जुआँव काब्राल हे दोन पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरू बंगालमार्गे भूतानात पोहोचले. त्या देशात गेलेले, आपल्याला ठाऊक असलेले, हे पहिले युरोपीय. भूतानचे राज्य एकत्र आणणारे शबद्रुंग ङवांग नामग्याल यांनी या परधर्मीयांना आदराने ठेवून घेतले. त्यांचा पाहुणचार कासेला यांनी आपल्या पत्रात कृतज्ञतेने नोंदविला. शुभवर्तमान सांगावयास गेलेला माणूस आधी दुसऱ्याच्या घरचे अन्न खाऊन उपकृत झाला. पुढे तिबेटच्या वाटेवर १६३० साली शिगात्से येथे त्यांचा अंत झाला.

तीन शतकांनंतर, १९६३ साली, कॅनडाचे फादर विल्यम मॅकी हे दुसरे येशूसंघीय निमंत्रणावरून भूतानात गेले. तेथे धर्मप्रसाराला वाव नव्हता. त्यांनी मुलांना शिकविले, शाळा उभारल्या आणि १९९५ साली त्याच भूमीत देह ठेवला. बत्तीस वर्षे! त्या देशाने त्यांना आपला नागरिक मानले. मौनात त्यांचा विश्वास लोपला असेल काय? मला तसे वाटत नाही. ज्या घरात बोलावयाची मुभा नाही तेथे माणूस जगून दाखवू शकतो.

प्रभू येशूने शिष्यांना पाठविताना झोळी बरोबर घेऊ नका असे सांगितले. बालपणापासून मला ही आज्ञा वैराग्याची वाटत असे. डमडमच्या त्या सॅककडे पाहताना तिचा दुसरा अर्थ सुचला. ज्याच्या पाठीवर अंथरूण, भांडी, औषधे, सारे घरच आहे, त्याला कोणाचे दार ठोठवावे लागत नाही. तो देशच्या देश ओलांडतो आणि कोणाचाही मिंधा होत नाही. झोळी नसलेल्याला मात्र सायंकाळी कोणापुढे तरी उभे राहावेच लागते. प्रभूने शिष्यांना गरीब केले ते बहुधा यासाठी की, त्यांनी पाहुणे व्हावे. देण्याआधी घ्यावयास शिकावे.

आपण ख्रिस्ती माणसे शेजाऱ्याकडे जातो तीही बहुधा भरल्या झोळीने. आपल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. घेण्यासाठी रिकामा हात आपल्याला जड जातो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या पासष्ट लाखांच्या घरात होती. म्हणजे भूतानच्या साऱ्या लोकसंख्येच्या सुमारे आठपट. त्यांच्यापर्यंत जावयास विमान लागत नाही, परवाना लागत नाही, रोजचा कर लागत नाही. तरी ती वाट आपल्याला अधिक लांबची का वाटते? त्या घरात केवळ शांतता मिळणार नाही, आपल्या समाजाने केलेल्या अन्यायाची हकिकतही ऐकावी लागेल, आणि जातीचा तो विटाळ आपल्या मंडळ्यांतही शिरला होता हे कबूल करावे लागेल, या भीतीने तर नव्हे?

घरी परतल्यावर आलेल्या वैशाख पौर्णिमेला मी खालच्या मजल्यावर गेलो. हातात काही नेले नाही; पत्रिका नाही, पेढेही नाहीत. घरच्या आजींनी खिरीची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "अकरा वर्षांनी जिना उतरलात!" त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

वाचक बंधुभगिनींनो, दूरच्या देशी अवश्य जा. पण निघण्यापूर्वी एकदा आपल्या जिन्याच्या पायऱ्या मोजा.