ओलीपर्यंत पोचणारा कोंब

गव्हाच्या जुन्या-नव्या वाणांचा हिशेब आपण क्विंटलमध्ये मांडतो आणि तिथेच थांबतो. तो हिशेब खोटा नाही. १९६४-६५ साली देशात सुमारे १२३ लाख टन गहू पिकला होता. १९६६ मध्ये मेक्सिकोहून लर्मा रोहो आणि सोनोरा या वाणांचे १८ हजार टन बियाणे आले आणि १९६७-६८ मध्ये उत्पादन १६५ लाख टनांवर गेले. रेशनवरचा अमेरिकी लाल गहू ज्या पिढीने खाल्ला, तिला या आकड्यांची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

ही किमया या मेक्सिकन वाणांत उतरलेल्या जपानच्या नोरिन-१० या ठेंगण्या गव्हाची. आपला उंच देशी गहू खत-पाणी वाढवले की ओंब्यांच्या भाराने लोळायचा. ठेंगणा गहू उभा राहतो आणि काडात जाणारे अन्न दाण्यात उतरते. पण ज्या जनुकांनी ताट आखूड केले, त्यांनीच जमिनीखालच्या कोंबाभोवतीचे संरक्षक आवरणही आखूड केले. वाढ घडवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाला हे रोप पुरेसा प्रतिसादच देत नाही. त्यामुळे बी खोल पडले तर कोंब मातीतच गुदमरतो.

पंजाबात कालव्याचे पाणी होते, तिथे हे खपून गेले. आपल्या काळ्या रानात कार्तिकात वरचा थर सुकलेला असतो आणि ओल खाली असते. बन्सीसारखा उंच देशी गहू त्या ओलीपर्यंत खोल पेरता यायचा आणि भारी जमिनीत एकही पाणी न देता हाताशी यायचा. ठेंगण्या वाणांना पेरणीलाच वरचा थर ओला लागतो, मग तिसऱ्या आठवड्यात मुकुटमुळे फुटताना पुन्हा पाणी. महाराष्ट्रात गहू जिरायतातून बागायतात गेला, त्यामागे हेही एक कारण आहे असे मी मानतो. विहिरीला पाणी नसलेला शेतकरी त्या वाटेने जाऊ शकला नाही. वाणांच्या तुलनेत त्याचे रान धरलेच जात नाही, याची मला खंत वाटते.

म्हणून जुन्या वाणांची आरती करायची का? मुळीच नाही. १९४६-४७ च्या तांबेरा रोगाने मध्य भारतातली उभी शेते नेली, ती देशी गव्हाचीच होती. तांबेऱ्याचे बीजाणू मैदानातल्या उन्हाळ्यात तगत नाहीत, ते डोंगराळ भागातून दरवर्षी वाऱ्याने नव्याने येतात, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहतांनी दाखवून दिले होते. पाण्याच्या ताणाला पुरून उरणारा गहू रोगापुढे हात टेकू शकतो. टिकाव हा नेहमी कशाच्या तरी विरुद्धच असतो.

खपली या देशी गव्हाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी जे १२ गहू प्रमाण मानले, त्यांत आपली खपली त्याच नावाने होती. पुढे तिच्यातून घेतलेले एसआर१३ हे जनुक युगांडात १९९९ च्या सुमारास उघड झालेल्या यूजी९९ या घातक तांबेऱ्याविरुद्धही कामाला आले. पण सांगली-साताऱ्याकडे खपली बहुतेक पाण्याखालीच घेतात. तिला थंडी जास्त दिवस लागते आणि दाणा टरफलातून सहज सुटत नाही. ती दुष्काळाला तोंड देणारी म्हणून विकणे ही शेतकऱ्याची दिशाभूल आहे.

दुसरीकडे, लोकवन म्हणून घरोघरी पोचलेला लोक-१ हा गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला सुधारित वाण. तो लवकर पिकतो, म्हणून मार्चच्या झळांतून निसटतो. आपल्या आखूड हिवाळ्यात हा मोठाच गुण. २०२२ च्या मार्चमध्ये दाणे भरतानाच ऊन तापले, उतारा घटला आणि १३ मे रोजी केंद्राने निर्यात थांबवली. सरासरी तापमान एका अंशाने वाढले तर जगाचे गहू-उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी घटेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मला सर्वांत आशादायक वाटते ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले काम. आरएचटी१४ आणि आरएचटी१८ ही ठेंगणेपणाची वेगळी जनुके ताट आखूड करतात, पण कोंबाचे आवरण आखूड करत नाहीत. संस्थेने त्यांची जागा गुणसूत्रावर निश्चित केली आहे. ही जनुके असलेल्या वाणांच्या चाचण्या ओलिताच्या प्रक्षेत्रांवरच थांबू नयेत. मराठवाड्यातल्या कोरड्या काळ्या रानात, खोल पेरून, बन्सीच्या शेजारी त्या व्हाव्यात. आणि अहवालात सरासरी उताऱ्याच्या बाजूला सर्वांत वाईट वर्षाचा उताराही छापला जावा.