देवदत्त आणि ओझोन

देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो धष्टपुष्ट आहे. अर्थात तो रात्री जेवत असला पाहिजे. अर्थापत्तीचे हे परंपरागत उदाहरण. माहीत असलेल्या दोन गोष्टींचा मेळ एरवी बसत नाही, म्हणून न दिसलेली तिसरी मानावी लागते. मीमांसक आणि अद्वैती अर्थापत्तीला स्वतंत्र प्रमाण मानतात; नैयायिक तिला अनुमानातच धरतात. दोघांपुढेही एक प्रश्न उरतो: हिशेबातल्या तफावतीवरून न दिसणाऱ्या वस्तूविषयी नेमके किती कळते?

अटलांटिक महासागरातल्या केप व्हर्दे बेटांवरील वेधशाळेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. ईशान्येकडून येणाऱ्या समुद्री हवेतला ओझोन दिवसा घटतो. सूर्यप्रकाश आणि बाष्प यांच्यामुळे तो किती घटावा, हे गणिताने काढता येते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजलेली घट त्या गणितापेक्षा सुमारे 50 टक्के जास्त निघाली. कोणीतरी ओझोन खात होते.

अर्थापत्ती इथवर आणते, पुढे नाही. खाणारा कोण, हे तफावत सांगत नाही. सागरी हवेतल्या ब्रोमीन आणि आयोडीनवर संशय होताच, पण संशय म्हणजे ज्ञान नव्हे. म्हणून मोकळ्या हवेतून दूरवर प्रकाशझोत सोडून, आरशांवरून परत आणून त्याचा वर्णपट तपासला गेला. वाळवंटी धूळ आणि मिठाचे कणही प्रकाश मंद करतात. मात्र त्यांच्यामुळे येणारी मंदी तरंगलांबीनुसार सावकाश, सलग बदलते. ब्रोमीन मोनॉक्साइड आणि आयोडीन मोनॉक्साइड अतिनील व निळ्या प्रकाशातल्या ठरावीक अरुंद पट्ट्याच शोषतात. तो सलग भाग वजा केला की त्या पट्ट्यांचा ठसा उरतो. त्यावरून हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे ब्रोमीन मोनॉक्साइडचे सरासरी सुमारे 2.5 आणि आयोडीन मोनॉक्साइडचे 1.4 रेणू आढळले. एवढेसे प्रमाण गणितात घातले आणि ओझोनची घट जुळली.

हे मोजमाप तरी प्रत्यक्ष म्हणता येईल का? काटेकोरपणे नाही. दिसतो तो प्रकाशाचा अभाव. तो अमुक रेणूमुळेच, हे प्रयोगशाळेत आधी निश्चित केलेल्या वर्णपटावरून ठरते. ती व्याप्ती, म्हणजे खूण आणि वस्तू यांचा अटळ संबंध, आणि तिच्यावर उभे राहिलेले हे अनुमान. नैयायिकांचा आग्रह इथे रास्त ठरतो: व्याप्ती नसती, तर वर्णपटातली खूण मुकी राहिली असती. मीमांसकांचेही खरेच: घटीचा मेळ बसेना, म्हणूनच या वायूंचे महत्त्व पटले. दोन स्वतंत्र वाटा एकाच वस्तूपाशी पोचल्या, यातच या निष्कर्षाचे बळ आहे. एकट्या वाटेवर एवढा भरवसा टाकता आला नसता.

हिंदी महासागर आणि दक्षिणी महासागरावरही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी आयोडीन मोनॉक्साइड मोजला आहे. तिथे मात्र मेळ अजून बसलेला नाही: समुद्राच्या पृष्ठभागावरून रासायनिक क्रियेने सुटणाऱ्या आयोडीनच्या हिशेबाने तिथल्या हवेतला आयोडीन मोनॉक्साइडचा चढउतार पुरता उलगडत नाही.