अडवलेल्या चेंडूचं श्रेय

सॉफ्टबॉलमध्ये थर्ड बेसवर उभं राहायला छाती लागते. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरचे सगळ्यात जोरकस फटके त्याच बाजूला येतात आणि विचार करायला वेळ नसतो. छत्रपती संभाजीनगरातल्या शाळा-कॉलेजांच्या सामन्यांत हे जवळून पाहायला मिळतं. बॅटरने बंटसाठी, म्हणजे चेंडू हलकेच समोर टेकवण्यासाठी, बॅट आडवी धरली रे धरली की थर्ड बेसवरची मुलगी पुढे झेपावते, चेंडू उचलते आणि अंग सावरायच्या आत फर्स्ट बेसकडे फेकते. सरपटी फटका असेल तर तिला जागेवरूनच तिरपा, जवळपास ८५ फुटांचा थ्रो करावा लागतो. दुसऱ्या दिवशी बातमीत पिचरचं नाव असतं, होमरन मारणारीचं असतं. हिचं क्वचितच.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलने १९५७ पासून प्रत्येक जागेवरच्या उत्तम क्षेत्ररक्षकाला 'गोल्ड ग्लोव्ह' द्यायला सुरुवात केली. थर्ड बेसवरच्या ब्रूक्स रॉबिन्सनने १९६० ते १९७५ अशी सलग १६ वर्षं तो मिळवला. फलंदाज म्हणून तो चांगला होता, पण आज त्याचं नाव घेतात ते त्याच्या हातांसाठी.

पण नुसता पुरस्कार ठेवून भागत नाही. मतं मॅनेजर आणि प्रशिक्षकांची, आणि मतांवर नावाचा प्रभाव पडतो. १९९९ मध्ये राफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला, तेव्हा त्या मोसमात तो तिथे फक्त २८ सामने खेळला होता. आकडेही फसवतात. स्कोअरबुकात 'एरर' मोजल्या जातात. पण चेंडूपर्यंत जी पोचलीच नाही, तिच्या नावावर एरर लागत नाही. जी जिवाच्या आकांताने सूर मारते आणि चेंडू हातातून निसटतो, तिच्या नावावर मात्र लागू शकते. केवळ चुका मोजल्या तर जागेवर उभं राहणारीच श्रेष्ठ ठरेल! म्हणून २०१३ पासून तिथे निवडीत सुमारे २५ टक्के वजन क्षेत्ररक्षणाच्या सांख्यिकीला दिलं गेलं. हा मार्ग मला योग्य वाटतो: जाणत्यांची नजर आणि नोंद, दोन्ही.

आपल्याला हे नवं नाही. खो-खोत कोण किती मिनिटं, किती सेकंद पळालं हे लिहिलं जातं, आणि उत्कृष्ट संरक्षकाला आक्रमकाइतकाच मान मिळतो. बचाव घड्याळावर दिसतो, म्हणून त्याला बक्षीस आहे. क्रिकेटमध्ये मात्र आपण कमी पडलो. एकनाथ सोलकरने २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेही बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. १९७१ च्या ओव्हल कसोटीत त्याने सूर मारून घेतलेला अ‍ॅलन नॉटचा झेल विसरता येणार नाही. माधवराव सिंदिया पुरस्कार रणजीतल्या धावा आणि बळींसाठी, लाला अमरनाथ पुरस्कार अष्टपैलूसाठी. झेल आणि अडवलेल्या धावांसाठी त्या तोलाचं काही नाही.

मराठवाड्यातल्या मुलांसाठी हा केवळ मानाचा प्रश्न नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं प्रमाणपत्रासाठी घाम गाळतात. त्या प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक येतो. एखादीने थर्ड बेस कसा सांभाळला हे येत नाही. मग प्रशिक्षकाने कितीही सांगितलं तरी मुली बॅटिंगच्या सरावालाच जास्त वेळ देणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

जिल्हा संघटनांनी आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने पुढच्या मोसमात एवढं करावं: नऊ जागांसाठी नऊ प्रमाणपत्रं ठेवावीत, मत प्रतिस्पर्धी संघांच्या प्रशिक्षकांचं घ्यावं, स्वतःच्या खेळाडूला मत देऊ देऊ नये, आणि स्कोअररला एररसोबत अडवलेले अवघड चेंडूही लिहायला सांगावेत. याला खर्च जवळपास काहीच नाही.