अदग्ध वसंत

ऋतूला किंवा महिन्याला माणसाचे रूप दिले की अलंकारशास्त्र त्याची चेतनगुणोक्ती म्हणून नोंद करते आणि पुढे जाते. कथेत मात्र प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. पात्राला हेतू असतो, आणि जेथे हेतू तेथे कृतीचे उत्तरदायित्वही आले. पात्र झालेला ऋतू त्यातून सुटतो का?

‘ऋतुसंहारा’त हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे वर्षाकाल राजाच्या थाटात येतो, शरद नववधूसारखी येते. पण त्यांच्या हातून कथेला वळण देणारे काही घडत नाही. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात घडते. शिवाचा तपोभंग करण्यास मदन निघतो तेव्हा वसंत त्याच्याबरोबर असतो. तो अवेळी येतो, अशोक फुलवतो, तपस्व्यांची मने डळमळीत करतो. ऋतुक्रम मोडणे ही येथे कृती आहे. पुढे तिसऱ्या नेत्रातील अग्नीने मदन भस्म होतो. वसंताला धगही लागत नाही.

हा भाग शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘‘सर, मग वसंत कसा वाचला?’’ तो ऋतू आहे, व्यक्ती नव्हे, असे सांगून मी वेळ मारून नेली. संहिता इतके सोपे उत्तर देत नाही. मदनावर कामगिरी सोपवताना इंद्र म्हणतो, की वसंत तुझा सहचरच आहे, त्याला वेगळे सांगायला नको. अग्नीला साहाय्य कर असे वाऱ्याला कोण सांगते? एकाच श्लोकात वसंत मित्रही ठरतो आणि निसर्गनियमही. मित्र म्हणून तो सोबत जातो. वाऱ्याप्रमाणे आहे म्हणून त्याच्यावर ना आज्ञेचा भार, ना अपराधाचा. ही सोय कोणाची, हे पाहिले पाहिजे. साथीदाराच्या कृतीला स्वभाव म्हणणारा इंद्र हाच या बेताचा कर्ता आहे.

कालिदास मात्र वसंताला पळू देत नाही. चौथ्या सर्गात विलाप करणारी रती विचारते, की तोही मित्राच्या वाटेने गेला का? तेवढ्यात तो पुढे येतो, आणि त्याला पाहून तिचा शोक अधिकच उसळतो. चिता रचण्याचे काम ती त्यालाच सांगते. शेवटी तो तिचे सांत्वन करतो. कोणत्या शब्दांत, हे कवी सांगत नाही.

इंद्राची ही युक्ती काव्यापुरती राहिलेली नाही. ‘पावसाने दगा दिला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्यात जुन्या नात्याची तक्रार असते. ‘निसर्गाचा कोप’ हे शब्द सरकारी निवेदनात आले, की त्याच चेतनगुणोक्तीने माणसांचे कर्तेपण पुसले जाते. उपासमार म्हणजे केवळ धान्याचा तुटवडा नव्हे, धान्यावर कोणाचा हक्क पोहोचतो हा तिच्यातील कळीचा प्रश्न आहे, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडले. कोपलेल्या निसर्गाच्या कथेत त्या हक्काला जागाच नसते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, माणसे वाडी सोडून जातात. माडगूळकर पावसाला खलनायक करीत नाहीत. तो संयम मला नैतिक वाटतो. पण त्याच संयमात, या माणसांना जगवणे कोणाचे काम होते, हा प्रश्नही अबोल राहतो.